ट्रकच्या दारावरचं नाव

ट्रकच्या दारावर 'हाप्सिंग मंडळी' ही सोनेरी अक्षरं दिसली की कान हुएल्योंगच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि तो ट्रक गावात आठवड्यातून चारदा तरी दिसायचाच. नवं दुकान असो, मयत असो, नगरसेवकाचा प्रचार असो, निळा ट्रक हजर. मागे माणसाच्या उंचीचे कर्णे आणि ट्रकच्या पुढे नाचणारे तीन बालदेव. बालदेव म्हणजे नुसते मोठाल्या डोक्यांचे पोकळ बाहुले. आत तरुण पोरं शिरायची आणि पांढरे हातमोजे घालून कंबर हलवायची. कर्ण्यांतून सनया आणि नगारा, त्याच्याखाली डिस्कोचा धपधपाट. लोक फोटो काढायचे. हुएल्योंग रस्त्याच्या कडेला उभा राहून थुंकायचा.

म्हातारा एकाहत्तरचा, धंद्याने सुतार. पण तैवानातल्या इलानच्या त्या किनाऱ्यावर त्याला सुतार म्हणून कोण ओळखत होतं? तो हाप्सिंगचा म्होरक्या नगारची होता. या संगीतात म्होरक्याच्या हातातच सगळं असतं. तो काड्या विशिष्ट तऱ्हेने वर धरतो, त्या खुणेवरून सनयांना पुढची चाल कळते, आणि झांजा-थाळे त्याच्या मागे धावतात. तोंडाने कुणी काही बोलत नाही. म्होरक्या चुकला की चौतीस माणसं एकदम चुकतात.

हो, एके काळी चौतीस होती. कोळी, सुतार, शेवयावाला, एक दातांचा डॉक्टरसुद्धा. कुणी एक छदाम घेत नसे. उलट वेशासाठी आणि झेंड्यांसाठी पदरचं घालत. पैसे घेऊन वाजवणाऱ्याला ते भाडोत्री म्हणायचे, आणि ती शिवी होती. मग माणसं तैपेईच्या कारखान्यांत गेली. मंडळी मयतीला वाजवायला लागली, मग पाकीट घेऊन वाजवायला लागली, मग तीन सनयांच्या जागी एक विजेची पेटी आली. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, काळाबरोबर बदलायला नको का? आणि दर वेळी मंडळी थोडी स्वस्त झाली. शेवटी बदलायला काही उरलंच नाही, तेव्हा ट्रक आला.

हा ट्रक इउ थ्यामहिंगचा. हुएल्योंगचाच चेला, आता बावन्न वर्षांचा, मनगटावर सोन्याचं घड्याळ, गालात सुपारी. बोलायचा मात्र अदबीने, प्रत्येक वाक्यात 'सायहू', म्हणजे गुरुजी. त्या अदबीनेच हुएल्योंगच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

समुद्रमाता माझूचा उत्सव पंधरा दिवसांवर आला तेव्हा देवळाच्या कचेरीत दोघांची गाठ पडली. अध्यक्ष ली चहा ओतत होता. पालखीपुढे कोण चालणार हे ठरवायचं होतं, आणि ते ठरलेलंच होतं.

"ट्रकच की," ली म्हणाला. "पोरांना आवडतो."

"ट्रक चालव," हुएल्योंग म्हणाला. "गाढव चालव, नाहीतर डुक्कर चालव. पण त्याच्यावरचं नाव खरवडून काढ."

थ्यामहिंगने कागदी पेल्यात लाल पिंक टाकली. "सायहू, रागावू नका. नाव मी चोरलं नाही. मंडळीत शेवटी तुम्ही आणि मी दोघंच उरलो. तुम्ही काड्या फेकून निघून गेलात. राहिलं कोण?"

"राहिलास? मेळ्याचं मढं विकतोयस, मढं!"

"मढं? लोक नाचतात त्याच्यावर." थ्यामहिंग हसला. "आणि टेप कुणी केली हो? मी? लोतुंगच्या त्या खोलीत आठ माणसांना बसवून अकरा चाली कुणी भरल्या? सनईवाले कमी पडतात, टेप लावू, कुणाला कळतंय, हे कोण म्हणालं होतं?"

हुएल्योंगची कानशिलं तापली, कारण हे खरं होतं. बावीस वर्षांपूर्वी टेप त्यानेच भरवली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे त्यानंतर वर्षभर तो टेपपुढे नगारा मांडून बसला होता. चामड्याच्या बोटभर वर काड्या थांबवायचा, खोटं खोटं वाजवायचा. वर्षाने त्याला स्वतःचीच शिसारी आली आणि त्याने काड्या कालव्यात फेकल्या. पण ती एक वर्षाची नक्कल त्याने कधी स्वतःला माफ केली नाही. माणूस स्वतःला माफ करत नाही तेव्हा दुसऱ्याच्या जिवावर उठतो.

"पैज लाव," तो म्हणाला. "देवळाच्या अंगणात, समोरासमोर. जुन्या नियमाने. एक चाल मी, एक चाल तू. ज्याने वाजवलेलीच चाल पुन्हा वाजवली तो हरला. तू तुझी टेप लाव. फक्त हाप्सिंगचं लाव, दुसऱ्या कुणाचं नाही, आणि तो डिस्को बंद. हरलास तर नाव काढायचं."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तू सांग."

थ्यामहिंगने जरा विचार केला. मग तोच मवाळ आवाज. "तर वर्षभर माझ्या ट्रकवर बसायचं, सायहू. पुढ्यात नगारा. वाजवायचा नाही, नुसते हात हलवायचे. तुम्हाला सवय आहे. खराखुरा म्हातारा बसलेला लोकांना आवडतो."

लीने चहा सांडला.

"मान्य," हुएल्योंग म्हणाला.

"पण वाजवणार कुणाबरोबर? भुतांबरोबर?"

इथे हुएल्योंगच्या जिभेने घात केला. रागाच्या भरात त्याने एक नाव घेतलं, जे हाप्सिंगच्या माणसाने शंभर वर्षांत मित्र म्हणून घेतलं नव्हतं.

"ग्योकलानबरोबर."

थ्यामहिंगचा सुपारी चघळणारा जबडा हलायचा थांबला.

आता हे वैर काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. हाप्सिंग फुलू पंथाची, ग्योकलान शीपी पंथाची. यांचा वादनाचा देव वेगळा, त्यांचा वेगळा. आजोबांच्या काळात या दोन पंथांनी कालव्याच्या दोन बाजूंनी एकमेकांची डोकी फोडली होती. मुलगी तिकडे देत नसत, तिकडचा डॉक्टरही बोलावत नसत. 'एकटा हरलास तर चालेल, मेळा हरता कामा नये,' हे पोरांना बोलायला लागण्याआधी शिकवलं जाई. आणि मेळा म्हणजे फक्त आपला मेळा.

ग्योकलानचा प्रमुख ना आबोक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. कालव्यापलीकडच्या त्यांच्या खोलीत, पत्र्याच्या खुर्चीवर बसून तो पाती कांद्याची पोळी खात होता. हुएल्योंग दारात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या उंबऱ्याशी आला होता.

"मेलास म्हणून ऐकलं होतं," आबोक म्हणाला.

"तुला पोचवल्याशिवाय नाही मरत."

"काय पाहिजे?"

"तुमचा नगारची गेला. तुमच्याकडे चार सनया आहेत आणि म्होरक्या नाही. माझ्याकडे हात आहेत आणि मंडळी नाही."

आबोकने पोळी पूर्ण खाल्ली, बोटं चाटली, मग विचारलं, "कुणाविरुद्ध?"

"हाप्सिंगविरुद्ध."

म्हातारा असा हसला की कवळी पडायची वेळ आली. त्याने आतल्या माणसांना हाका मारल्या. "अरे, बाहेर या! फुलूचा कुत्रा आपल्या दारात येऊन स्वतःच्याच घरावर भुंकतोय!" सहा-सात पांढऱ्या डोक्यांची माणसं बाहेर आली आणि पोटभर हसली. हुएल्योंग उभा राहिला. दात-ओठ खात का होईना, पण उभा राहिला.

हसून झाल्यावर ते तयार झाले. हाप्सिंगचं नाक कापायची संधी, तीही हाप्सिंगच्याच हाताने, त्यांच्या बापांना मिळाली नव्हती.

पंधरा दिवस रोज दुपारी तालीम झाली. शिव्यांशिवाय एक चाल पार पडली नाही. "हळू घे, ही काय तुमची फुलूंची पळापळ आहे?" "सनई फुंक, सूप गार करू नकोस!" सनईवाला त्सुई सत्तरीचा, लांब श्वासाच्या चालीत त्याचे ओठ निळे पडायचे. टेपवर अकरा चाली होत्या हे हुएल्योंगला माहीत होतं, थ्यामहिंगलाही माहीत होतं. म्हणून बारा लागणार होत्या. मोठ्या कष्टाने अकरा बसल्या. बारावी म्हणून त्सुईची लांब श्वासाची चाल धरली, ती कधी जमे, कधी फसे.

"त्यापेक्षा आमच्या देवाची सलामी वाजवू," आबोक म्हणाला. "ती आम्हाला झोपेत येते."

"शीपीच्या देवाला सलामी? मी? त्यापेक्षा हात तोडून घेईन."

"तोड. मग ट्रकवर बसून काय हलवशील?"

उत्सवाच्या दिवशी सकाळी नऊला अंगणात फटाक्यांचा लाल कचरा घोट्यापर्यंत साचला होता. एका बाजूला ट्रक, समोर प्लॅस्टिकच्या स्टुलांवर ग्योकलानची म्हातारी माणसं आणि त्यांच्या मधोमध, फुलूचा माणूस. गावातली जुनी खोडं दोन-तीनच आली होती, एक सोडून बाकी बहिरी. त्या एकीने हुएल्योंगला पाहून तोंड फिरवलं. ती हाप्सिंगच्या शेवयावाल्याची बायको, आता विधवा.

देवीपुढे लाकडाचे दोन कौल टाकले. आधी कोण वाजवणार? कौल पडला तो ग्योकलानवर. म्हणजे बारावी चाल आधी यांनाच काढावी लागणार होती, आणि तेव्हाच टेपला तोंडघशी पाडता येणार होतं. थ्यामहिंगने समोरून नम्रपणे मान लववली.

हुएल्योंगने काड्या उचलल्या.

पहिल्या चालीला हात आखडलेले होते. दुसरीला सुटले. मग समोरून कर्णे सुरू झाले आणि त्याच्या लक्षात आलं की या गोष्टीची त्याने तयारीच केली नव्हती. आठवड्यातून चारदा ही टेप त्याने डिस्कोच्या धपधपाटाखाली ऐकली होती, तीही शिव्या घालत. आज ती नुसती होती. तो कोपऱ्यातला झांजवाला हेंग, शेवयावाला, जो नेहमी एक कणभर आधी मारायचा. ती दातांच्या डॉक्टरची सनई, वरच्या सुरावर किंचित कलती. आणि त्या सगळ्यांना पुढे घालून हाकणारा नगारा, एकोणपन्नास वर्षांचा, माजलेला, निर्दयी. आठ जणांतले सात आता मेले होते, आठवा तो स्वतः.

"ए!" आबोक खेकसला. "आपली पाळी! ऐकत काय बसलास?"

तिसरी. चौथी. पाचवी. ऊन चढलं. पाहणारे कंटाळून शेवयांच्या गाड्यांकडे पांगले. बालदेवांची पोरं बाहुल्यांची डोकी काढून सावलीत फोन बघत बसली. थ्यामहिंग नुसतं बटण दाबत होता. त्याला ना घाम, ना धाप. इकडे आठव्या चालीनंतर एकाने स्टुलावरच डोळे मिटले. नवव्या चालीत थाळेवाल्याचा ठोका चुकला. हुएल्योंगच्या खांद्यात सुया टोचत होत्या, आणि समोर तो दुसरा, माजलेला, प्रत्येक वेळी ताजातवाना होऊन उत्तर देत होता. हुएल्योंगला त्याचा संताप आला. स्वतःचाच, बावीस वर्षांपूर्वीच्या हातांचा, इतका संताप त्याने थ्यामहिंगचाही केला नव्हता.

अकरावी झाली. टेपचीही अकरावी झाली.

त्सुईने सनई मांडीवर ठेवली. ओठ निळे. त्याने मान हलवली: नाही, जमणार नाही.

थ्यामहिंगने ट्रकमधून एक लहान स्टूल काढलं, कर्ण्यांपुढे ठेवलं, त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली. "सायहू, उन्हात बसू नका. इकडे सावली आहे."

हुएल्योंगने ते स्टूल पाहिलं. मग डावी काडी आडवी, उजवी तिच्यावर उभी धरली. ही खूण त्याला कुणी शिकवली नव्हती. ग्योकलानच्या माणसांचे डोळे विस्फारले. आबोकचा हात कवळीवर गेला. पण खूण ती खूण. म्होरक्याने काड्या धरल्या की शीपीचा माणूस मेलेलाही उठतो. सनया उठल्या, आणि फुलूच्या हातांनी शीपीच्या देवाची सलामी माझूच्या अंगणात वाजली. त्सुई डोळे मिटून वाजवत होता. ती चाल झोपेत येणारी होती, ओठांना विचारावं लागत नव्हतं. शेवयावाल्याची विधवा उठली आणि अंगणातून चालती झाली. जाताना ती जे बोलली ते सगळ्यांनी ऐकलं. हुएल्योंगने ऐकूनही हात थांबवला नाही.

सलामी संपली. "कधी शिकलास रे, चोरा?" आबोकने कुजबुजत विचारलं.

"चाळीस वर्षं कालव्यापलीकडून बोंबलत होतात. बहिरा होतो काय मी?"

समोर थ्यामहिंग बटणावर बोट ठेवून थांबला होता. मग त्याने ते दाबलं. पहिली चाल. टेपची पहिलीच, हेंगची तीच कणभर आधीची झांज.

हुएल्योंग उभा राहिला. गुडघे वाजले. "पुन्हा!" तो ओरडला. "पुन्हा तीच! हरलास!"

कुणी टाळी वाजवली नाही. अध्यक्ष ली घड्याळ बघत आला. "झालं का? पालखीचा मुहूर्त टळतोय."

"ऐकलं नाहीस? चाल पुन्हा आली!"

"मला काय, सगळं एकसारखंच वाटतं," ली म्हणाला, आणि खरंच त्याला वाटत होतं. त्याने थ्यामहिंगकडे पाहिलं. "आली का रे?"

आता थ्यामहिंगने नुसतं 'नाही' म्हटलं तरी पुरेसं होतं. अंगणात त्याला खोटं पाडणारे हुएल्योंग आणि कालव्यापलीकडचे शत्रू, दोघांचं कोण ऐकणार होतं? त्याने सुपारी थुंकली.

"आली. पहिलीच आहे. हरलो."

तो ट्रकच्या दाराशी गेला. सोनेरी अक्षरं रंगवलेली नव्हतीच. चुंबकाची एक पातळ चादर होती. कोपरा नखाने उचलला आणि सर्रकन ओढली. दुसऱ्या दाराचीही तशीच. दोन्ही गुंडाळून त्याने दोन्ही हातांनी, कमरेत वाकून, गुरूला द्याव्यात तशा हुएल्योंगला दिल्या.

"घ्या, सायहू. मला या नावाने कुणी बोलावत नाही. फोन नंबराने बोलावतात."

नंबर दारावर तसाच होता. मोठा, लाल.

पालखी निघाली. पोरांनी बाहुल्यांची डोकी चढवली, ट्रक हलला, आणि डिस्कोचा धपधपाट पुन्हा सुरू झाला. त्याच्यावर तीच पहिली चाल.

"बंद कर ते!" हुएल्योंग ट्रकच्या खिडकीला लागून धावला. "ते आमचं आहे!"

"पैज नावाची होती," थ्यामहिंग आतून म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात अदब नव्हती. "टेप कुठे होती पैजेत? नीट मागायला शिका."

ट्रक पुढे गेला. मागे आबोक आपल्या माणसांना झांजा पोत्यात भरायला लावत होता. हुएल्योंगकडे त्याने पाहिलं नाही. काम झालं होतं, हाप्सिंगचं नाक कापून झालं होतं. हुएल्योंग गुंडाळी काखेत धरून गर्दीत उभा राहिला. जिंकल्याचा कैफ यायला हवा होता. तो यायची वाट बघत होता.

शेजारी एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन होती. मूल ट्रककडे हात करून टाळ्या वाजवत होतं. तिने नवऱ्याला विचारलं, "छान आहे ना? कुठली मंडळी ही?"

नवऱ्याने मान उंचावून ट्रकच्या दाराकडे पाहिलं. "नाव नाहीये काही. कुणाची नाही ती. नुसती टेप आहे."

हुएल्योंग गर्रकन त्या नवऱ्याकडे वळला. हेंग होता तिथे, डॉक्टर होता, सातही जण होते. सगळ्या गावात हाप्सिंग अजून वाजत होती ती फक्त त्या ट्रकवर, आणि तिचं नाव त्याने स्वतःच्या हट्टाने काढून आणलं होतं. त्याच्या काखेत नुसतं प्लॅस्टिक होतं.

"हाप्सिंग!" तो त्या माणसाच्या तोंडावर ओरडला. "हाप्सिंग आहे ती! झांज हेंगची आहे, ऐक! ऐक की, झांज ऐक!"

बाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. नवरा तिला हाताला धरून दोन पावलं बाजूला झाला. हुएल्योंग गुंडाळी उलगडत ट्रकच्या मागे धावू लागला. कशीतरी ती पुन्हा चिकटवायला हवी होती, दारावर, पत्र्यावर, कुठेही. पण बालदेवांभोवती माणसं दाटली होती, आणि कुणीही त्याला वाट दिली नाही.